काचेच्या दारापाशी : जळगावातील एका कॅफेतील श्वानप्रवेशाचे प्रकरण

मे २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात, जळगावात महाविद्यालयांच्या परिसरातील एका कॅफेच्या पायरीवर, सहा वर्षांच्या एका मुलाच्या पोटरीला कुत्र्याचे नख लागले. रक्त आले नाही. पांढरट ओरखडा उठला आणि तासाभरात तो लालसर झाला. एवढ्याशा घटनेमुळे एका कुटुंबाला महिनाभर दवाखान्याच्या खेपा घालाव्या लागल्या, एका वृद्ध बाईंचे रोजचे येणे-जाणे तुटण्याची वेळ आली आणि कुत्र्याला कॅफेत येऊ द्यावे की नाही, या प्रश्नावर एकाच गल्लीतील दुकानदार दोन बाजूंना उभे राहिले. माझा पशुवैद्यकीय दवाखाना त्याच गल्लीत असल्यामुळे घटनेच्या दिवशी मला बोलावणे आले आणि पुढे नियम ठरवतानाही माझा सल्ला घेतला गेला. संबंधितांच्या संमतीने, पण कोणाचेही नाव न देता, हे प्रकरण येथे मांडतो आहे.

कॅफे भाऊ-बहीण मिळून चालवतात. भाऊ गल्ल्यावर असतो आणि बहिणीकडे स्वयंपाकघर आहे. आत वातानुकूलित दालनात नऊ टेबले, पुढे पत्र्याची शेड असलेला ओटा आणि ओट्याला रस्त्याकडे उतरणाऱ्या तीन पायऱ्या, अशी जागेची रचना आहे. सकाळी पोहे आणि कॉफी, दुपारनंतर सँडविच, थंडीत रविवारी भरीत-पुरी. ग्राहक मुख्यतः विद्यार्थी. परंतु शेजारी मोठे कापड दुकान असल्याने लग्नसराईत बस्ता बांधायला आलेली खेड्यापाड्यांतील कुटुंबेही येथे थंड प्यायला थांबतात. या मिश्र ग्राहकवर्गाचा पुढील घटनाक्रमाशी जवळचा संबंध आहे.

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका डिसेंबर २०२४ पासून आपल्या पाच वर्षांच्या लॅब्रॅडॉरला घेऊन रोज सकाळी ओट्यावर कॉफी घ्यायला येऊ लागल्या. पती वारलेले, मुलगा इंग्लंडमध्ये. दिवसभरात त्यांचे चार माणसांशी बोलणे होई ते बहुधा येथेच. कुत्रा शांत स्वभावाचा आहे, हे मी त्याचा डॉक्टर या नात्याने खात्रीने सांगू शकतो. फेब्रुवारी सरला आणि ओट्याची शहाबादी फरशी दहा वाजताच तापू लागली, तेव्हा कॅफेतील बहिणीनेच एक दिवस म्हटले, "बाई, त्याचे पाय भाजतील, आत घ्या त्याला." त्या दिवसापासून कुत्रा आत बसू लागला. या परवानगीचा विचार कोणी केला नव्हता, भावाला कोणी विचारले नव्हते आणि आतल्या ग्राहकांना तर नाहीच नाही. एका उन्हाच्या दिवसापुरती दाखवलेली माया आठवड्याभरात वहिवाट झाली.

पहिली कुरबुर मार्चमध्ये झाली. शिक्षिकांनी कुत्र्यासाठी दहीभात मागवला, तो स्टीलच्या ताटलीत आला आणि कुत्र्याने चाटलेली ती ताटली इतर ताटल्यांसोबत धुवायला गेली. शेजारच्या टेबलावरील एका कुटुंबाने ते पाहिले आणि न खाता ते उठून गेले. भावाला त्यात अपमान वाटला, बहिणीला अतिरेक वाटला. माझ्या मते त्या कुटुंबाची हरकत पूर्णपणे योग्य होती. तिच्यामागे विटाळाची भावना असेल, धार्मिक आचार असेल किंवा साधी किळस असेल. पैसे देऊन ताटात जेवणाऱ्याला ते ताट कोणाचे, हे विचारण्याचा अधिकार आहे. शिवाय शास्त्रीय दृष्ट्याही ती नुसती किळस नव्हती. कुत्र्यांच्या पोटातील गोल जंतांची अंडी विष्ठेवाटे मातीत पडतात, तेथून केसांना व तोंडाला लागतात आणि लहान मुलांच्या पोटात गेल्यास अपाय करतात. गजकर्णाची बुरशीही कुत्र्याकडून माणसाकडे येते. नियमित जंतनाशक दिलेल्या कुत्र्यापासून हा धोका थोडा असतो, परंतु समोर बसलेल्या कुत्र्याला जंतनाशक दिले आहे की नाही, हे शेजारच्या टेबलावरून दिसत नाही.

कुत्र्याच्या बाजूनेही ती ताटली निर्धोक नव्हती. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. मनुका आणि द्राक्षे मूत्रपिंडे निकामी करू शकतात. चॉकलेट आणि कॉफी त्याच्या हृदयाला व मज्जासंस्थेला घातक ठरतात. कॅफेच्या टेबलावर यांपैकी निम्म्या वस्तू नेहमी असतात, आणि "बिचारा बघतो आहे" म्हणून घास टाकणारे हात खान्देशात कमी नाहीत. त्या वेळी ताटलीऐवजी कागदी द्रोण वापरावा एवढ्यावर विषय मिटला. तो तेव्हाच पुरता हाती घेतला असता, तर मे महिन्यातील प्रसंग टळला असता असे मला वाटते.

या प्रकरणात दुसरे कुत्रेही आहे, आणि मूळ प्रश्न विचारताना आपण नेमके त्यालाच विसरतो. कॅफेच्या पायरीवर तपकिरी रंगाची एक भटकी कुत्री तीन-चार वर्षांपासून बसत असे. नसबंदी झाल्याची खूण म्हणून तिच्या कानाचा तुकडा कापलेला होता. स्वयंपाकघरातील मुलगा तिला रात्री उरलेले पाव घाली. उन्हाळ्यात काचेच्या दाराच्या फटीतून गार हवा येते, म्हणून ती दुपारी दाराला अंग लावून झोपे. जेथे अन्न मिळते आणि अंग निवते, ती जागा कुत्र्याच्या लेखी स्वतःची असते. लॅब्रॅडॉर सकाळी येत असेपर्यंत दोघांची गाठ पडत नव्हती, कारण सकाळी ती कुत्री मागच्या मोकळ्या भूखंडाकडे असे.

घटनेच्या दिवशी शिक्षिका दुपारी आल्या. शेजारच्या कापड दुकानात त्यांना पडद्यांचे कापड घ्यायचे होते. दुकानदाराने कुत्र्याला आत येऊ दिले होते आणि तेथे काहीही बिघडले नाही. तेथून त्या कॅफेत आल्या. अर्ध्या तासाने बाहेर पडताना त्यांनी दार ढकलले, दाराशी झोपलेली कुत्री दचकून उठली आणि गुरगुरली, शिक्षिकांनी घाबरून पट्टा आखडून धरला. पट्टा ताणला गेला की शांत कुत्र्यालाही मागे सरता येत नाही आणि त्याचे अंग पुढे झुकते. समोरच्या कुत्र्याला तो हल्ल्याचा पवित्रा वाटतो. दोन्ही कुत्री एकमेकांवर गेली. त्याच क्षणी बस्त्यासाठी पारोळा तालुक्यातून आलेले एक कुटुंब पायऱ्या चढत होते आणि त्यातला मुलगा सर्वांत पुढे होता. तो पडला, हातातला उसाच्या रसाचा पेला फुटला आणि पाच-सहा सेकंदांत सगळे संपले. ओरखडा कोणत्या कुत्र्याच्या नखाचा, हे तेथे हजर असलेल्या दहा-बारा जणांपैकी एकालाही सांगता आले नाही.

मी पोचलो तेव्हा मुलाची आजी ओरखड्यावर चुना लावायच्या बेतात होती. अजूनही आपल्याकडे अशा जखमेवर चुना, हळद किंवा मिरचीपूड लावली जाते, आणि त्यात जी पहिली मिनिटे जातात ती सर्वांत मोलाची असतात. कॅफेच्या नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटे पाय धुवायला लावला. मग शासकीय रुग्णालयात पाठवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात रक्त न आलेला ओरखडा दुसऱ्या श्रेणीत मोडतो. त्यासाठी लस आवश्यक असते, मात्र जखमेत टोचायच्या प्रतिपिंडांची गरज नसते. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस असे असतात. एकदा लक्षणे दिसू लागली की रेबीजचा रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे "नखच तर लागले" असे म्हणून थांबण्याची मुभा कोणत्याही डॉक्टरला नसते. लस सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळाली. पारोळ्याहून येण्या-जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी मात्र कुटुंबाच्या माथी पडली.

संध्याकाळी लॅब्रॅडॉरचे लसीकरण पत्रक पाहिले, तेव्हा शेवटची रेबीजची लस टोचून चौदा महिने झाल्याचे दिसले. दरवर्षीची मात्रा दोन महिने उलटून गेली होती. बाईंना फार वाईट वाटले. मलाही वाटले, कारण आठवण करून देणे हे माझे काम होते आणि मी ते केले नव्हते. कुत्रीला नसबंदीच्या वेळी लस मिळाली असणार, पण त्यानंतर कोणी टोचली नव्हती. दोन्ही जनावरे दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवावी लागली. लॅब्रॅडॉर घरातच होता. कुत्रीला रोज संध्याकाळी खाऊ घालून ती धड आहे ना, हे पाहण्याचे काम कॅफेतील त्या मुलाने एकही दिवस न चुकवता केले. दहाव्या दिवशी दोन्ही कुत्री ठणठणीत होती आणि सर्वांनी श्वास सोडला.

वादातील बाजू

जूनच्या पहिल्या आठवड्यात कॅफेच्या दालनात सगळे बसले. मुलाचे वडील आणि आजी पारोळ्याहून आले होते. वडिलांना पोलिसांत जायचे नव्हते. तसे पाहता भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या ताब्यातील जनावराबाबत पुरेशी खबरदारी न घेणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यांचे म्हणणे इतकेच होते की पोराला घेऊन हॉटेलात जाताना आत काय बांधले आहे, हे दारातच कळले पाहिजे. आजीने तेच अहिराणीत एका वाक्यात सांगितले: "कुत्रं दारमा बसस, पंगतमा नही." त्या घरात शेताच्या राखणीला दोन कुत्री आहेत आणि भाकरीचा पहिला चतकोर त्यांना जातो. आजीच्या बोलण्यात कुत्र्याविषयी तिरस्कार मुळीच नव्हता. खान्देशात खंडोबाच्या कुत्र्याला हात जोडणारी माणसेही त्याला जेवणाच्या पाटाजवळ येऊ देत नाहीत, आणि या दोन गोष्टींत त्यांना विरोध वाटत नाही.

शिक्षिकांचे म्हणणे मी थोड्या विस्ताराने देतो, कारण असे म्हणणे बहुधा लाड म्हणून उडवून लावले जाते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड करतो, आणि भोवतालची हवाच तापलेली असली की धापांचा उपयोग उरत नाही. बंद मोटारीत तो काही मिनिटांत उष्माघाताने मरू शकतो. खांबाला बांधून ठेवला तर फरशीने पायाचे तळवे भाजतात आणि भटकी कुत्री अंगावर येतात. घरी ठेवावा, तर एकट्या राहणाऱ्या बाईंनी स्वतः घरातच बसून राहावे लागते. "मग आम्ही दोघांनी जायचे कुठे?" असे त्यांनी विचारले तेव्हा कोणाजवळच उत्तर नव्हते. शहरात मेहरूण तलावाच्या काठाखेरीज कुत्र्याला घेऊन निवांत बसावे अशी जागा मलाही सुचेना, आणि मेमध्ये तीही सूर्य वर येण्यापूर्वीच.

त्यांच्या मुलाने इंग्लंडहून दूरध्वनीवर सांगितले की तिकडे पबमध्ये कुत्री मालकाच्या पायाशी बसतात आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. ही गोष्ट खरी आहे. तेथील अन्नस्वच्छतेच्या नियमांप्रमाणे अन्न जेथे तयार होते, हाताळले जाते किंवा साठवले जाते, तेथे पाळीव प्राणी पोचू नयेत याची व्यवस्था करावी लागते. बसण्याच्या दालनात कुत्र्याला घ्यायचे की नाही हे चालक ठरवतो. परंतु ही मोकळीक कशावर उभी आहे, तेही पाहिले पाहिजे. ब्रिटनमधून कुत्र्यांमधला रेबीज १९२२ मध्ये नाहीसा झाला. इंग्लंडमध्ये २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची चिप असणे बंधनकारक आहे, म्हणजे कुत्रा कोणाचा हा प्रश्न तेथे अनुत्तरित राहत नाही. आणि पबच्या पायरीवर मालक नसलेले दुसरे कुत्रे झोपलेले नसते. जळगावच्या त्या पायरीवर या तिन्ही गोष्टींचा अभाव होता, आणि घटना घडली ती त्या अभावामुळेच. लॅब्रॅडॉर आत बसला असताना तीन महिन्यांत त्याने कोणालाही इजा केली नव्हती. अनर्थ झाला तो दारात.

कायदा काय म्हणतो

सभेत कोणालाच माहीत नसलेली बाब अशी होती की खाद्यपदार्थांच्या जागेपुरता हा प्रश्न चालकाच्या मर्जीचा नाहीच. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ खालील परवाना व नोंदणी विनियम २०११ च्या अनुसूची ४ मध्ये कीड-नियंत्रणाच्या कलमात म्हटले आहे की प्राणी, पक्षी व पाळीव जनावरे यांना अन्न आस्थापनेच्या जागेत येऊ देऊ नये. शब्द स्वयंपाकघरापुरते नाहीत. भावाचा परवाना या अटींवर मिळालेला होता आणि परवान्याची चौकट त्याच्याच डोक्यामागच्या भिंतीवर टांगलेली होती. याच कायद्यात अन्नाच्या व्याख्येत मद्याचाही समावेश आहे, म्हणून परमिट रूम असो वा महानगरातील पब, नियम तोच लागतो. मुंबई-पुण्यातील काही कॅफे कुत्र्यांचे स्वागत करताना दिसतात, त्यावरून आपणही करावे असे भावाला वाटत होते. दुसऱ्याच्या जोखमीवर आपला परवाना टांगू नये, असे मी त्याला स्पष्ट सांगितले.

कापड दुकानाला हा विनियम लागू नाही. तेथे कुत्र्याला येऊ द्यायचे की नाही हे दुकानदार ठरवू शकतो, आणि त्याने सुज्ञपणे ठरवले: पट्टा आखूड, गर्दीच्या वेळी नको, आणि आत कोणी हरकत घेतली तर बाहेर. लग्नसराईत मात्र तोही नाही म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पायघड्यांवर शालू पसरलेले असताना शेपटीचा एक फटकाराही महागात पडतो.

भटक्या कुत्रीविषयी काही जणांनी "महापालिकेला सांगून उचलून न्या" असा आग्रह धरला. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे नसबंदी व लसीकरण केलेले कुत्रे त्याच्या मूळ जागी परत सोडायचे असते, आणि खाऊ घालण्याची जागा प्रवेशद्वार, जिने व मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणांपासून दूर असावी, अशी अपेक्षा आहे. पुढे २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्री वगळता इतरांना नसबंदी-लसीकरणानंतर मूळ भागात सोडावे, मात्र रस्त्यावर वाटेल तेथे खाऊ न घालता ठरवून दिलेल्या जागीच घालावे, असा आदेश दिला आणि दिल्ली परिसरापुरत्या या प्रकरणाची व्याप्ती देशभर वाढवली. म्हणजे पावाचे तुकडे दारात टाकण्याची कॅफेची सवय चुकीची होती. कुत्री तेथे असणे हा तिचा दोष नव्हता.

काय ठरले

कॅफेच्या आत आणि ओट्यावर कुत्र्यांना प्रवेश बंद झाला. ओट्यावरही बंद व्हावा असा आग्रह माझा होता, कारण ओटा परवान्यातील जागेतच मोडतो आणि तेथेही टेबलांवर खाणे मांडले जाते. बहिणीला हे कठोर वाटले. तिने आठवडाभर माझ्याशी बोलणे कमी केले होते. तिने माया केली आणि त्याचे खापर तिच्यावर फुटले, ही तिची खंत मला समजत होती. दृष्टिहीन व्यक्तीसोबत प्रशिक्षित कुत्रा आला तर त्याला दारातून परत पाठवू नये आणि काय करावे ते अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना आधीच विचारून ठेवावे, एवढी एक गोष्ट तिच्या सांगण्यावरून नोंदवली गेली. ती तिलाच सुचली, आमच्यापैकी कोणाला नाही.

बंदी घालून थांबणे मात्र मला मान्य नव्हते. कापड दुकानाच्या बाजूला त्याच मालकाची पाच फूट रुंदीची बोळ आहे, जिच्यात पूर्वी खोकी ठेवत. तेथे हिरव्या जाळीचे छप्पर घातले, भिंतीत कडी बसवली, मातीच्या कुंडात पाणी ठेवले आणि खाली ओले पोते टाकण्याची सोय केली. बोळीतून कॅफेचे खिडकीजवळचे टेबल दिसते; बाईंना कुत्रा दिसतो आणि कुत्र्याला बाई दिसतात. खर्च दुकानदार आणि कॅफे यांनी वाटून घेतला. बोळ वापरण्यासाठी वर्षाच्या आतले लसीकरण पत्रक दाखवावे लागते आणि ते मी तपासून देतो. कुत्रीला आता मागच्या भूखंडावर, रात्री दुकाने बंद झाल्यावर खाऊ घातले जाते. दोन आठवडे ती सवयीने दाराशी येऊन बसे. दाराची फट रबराची पट्टी लावून बुजवल्यावर गार हवा बंद झाली आणि तिने ती जागा सोडली. मुलाच्या कुटुंबाला चारही खेपांचे भाडे शिक्षिकांनी दिले. वडिलांनी आधी घेतले नाही, आजीने घ्यायला लावले.

या व्यवस्थेत उणिवा आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. बोळीत एका वेळी एकच कुत्रा राहू शकतो. दुपारी बारा ते चार हिरव्या जाळीखालीही हवा भाजते, म्हणून मे महिन्यात त्या वेळी बोळही बंद ठेवावी असे माझे मत आहे. म्हणजे शिक्षिकांचा "जायचे कुठे" हा प्रश्न वर्षातील सर्वांत कठीण तासांपुरता तसाच उरतो. कुत्रे कोठे जाऊ शकत नाही, याचे उत्तर आता आमच्या गल्लीकडे आहे. कोठे जाऊ शकते, याचे उत्तर एका दुकानदाराच्या बोळीत मावणारे नाही. ते महापालिकेच्या बागांत सकाळ-संध्याकाळचे राखीव तास, पाणी आणि सावली यांतून द्यावे लागेल. तसे निवेदन आम्ही सात जणांच्या सह्यांनी दिले आहे.

२८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, मी दवाखान्यासमोर लसीकरण ठेवले. लॅब्रॅडॉरची मात्रा जूनमध्येच दिली होती. तपकिरी कुत्रीला स्वयंपाकघरातील मुलाने पाव दाखवून आणले आणि मांडीशी धरून ठेवले. पत्रकावर मालकाच्या नावाचा रकाना असतो. त्याने विचारले, "डॉक्टर, इथे काय लिहायचे?" कॅफेतील बहीण शेजारी उभी होती. तिने पेन घेतले आणि कॅफेचा पत्ता लिहिला. पुढच्या मात्रेची तारीख तिने गल्ल्यामागच्या दिनदर्शिकेच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवली आहे.